कोअर किती, यापेक्षा आपल्या वाट्याला किती?

चेंबूर नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात महिनाअखेरचा रिपोर्ट काढणारा प्रोग्राम लॅपटॉपवर झरझर चालायचा. सर्व्हरवर चढवला आणि तो अडखळायला लागला. मॉनिटरवर सीपीयूचा वापर जेमतेम 12 टक्के. मशीन रिकामं, मग काम का रखडतंय? डेटाबेस, मेमरी, नेटवर्क, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

घोळ वेगळाच होता. सुरू होताना प्रोग्राम कोअर किती ते विचारायचा, उत्तर यायचं 16, म्हणून तो 16 थ्रेड सोडायचा. पण तो कंटेनरमध्ये चालत होता आणि तिथल्या ‘सीपीयू डॉट मॅक्स’ फाइलमध्ये आकडे होते 200000 आणि 100000, मायक्रोसेकंदांत. म्हणजे दर 100 मिलिसेकंदांना सीपीयूचा 200 मिलिसेकंद वेळ, दोन कोअरइतका. 16 थ्रेड एकदम सुटले की हा वाटा साडेबारा मिलिसेकंदांत खलास, आणि उरलेला वेळ सगळे जागच्या जागी ताटकळत. मॉनिटर खोटं बोलत नव्हता; 16 पैकी 2 म्हणजे साडेबारा टक्केच. तो अख्ख्या मशीनचा हिशोब सांगत होता, आम्हाला हवा होता आमच्या वाट्याचा. थ्रेड दोनवर आणल्यावर काम संथ पण एकसारखं चालू लागलं. वेग हवा असेल तर वाटाच वाढवून घ्यावा लागतो.

इथून जवळच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1991 मध्ये ‘अनुपम’ या समांतर महासंगणकांचं काम सुरू झालं, तेव्हा अनेक प्रोसेसर एकत्र राबवणं ही शास्त्रज्ञांची बाब होती. आज आठ कोअर फोनमध्येही असतात, म्हणून हा हिशोब प्रत्येक प्रोग्रामरला यायलाच हवा.

कोअर मोजताना आधी हे पाहा की उत्तर प्रत्यक्ष कोअरचं आहे की लॉजिकल. हायपरथ्रेडिंग चालू असेल तर आकडा दुप्पट दिसतो, ताकद दुप्पट होत नाही. पायथनचं ‘सीपीयू काउंट’ मशीनचे लॉजिकल प्रोसेसर सांगतं, कंटेनरची मर्यादा नाही. ‘सीपीयू डॉट मॅक्स’मधली मर्यादा जावा 15 पासून ओळखते, जावा 8 मध्ये 372व्या अपडेटपासून. जुनी आवृत्ती असेल तर थ्रेडची संख्या सेटिंगमधून द्या.

लोड मोजताना एकाच वाचनावर विसंबू नका. लिनक्सच्या ‘प्रोक’मधली ‘स्टॅट’ फाइल मशीन सुरू झाल्यापासूनची बेरीज देते. थोड्या अंतराने दोनदा वाचा, वजाबाकी करा, त्यातला रिकामा वेळ वगळा. विंडोजच्या ‘गेट सिस्टिम टाइम्स’मध्ये कर्नलच्या वेळेतच रिकामा वेळ धरलेला असतो, तो वजा केला नाही तर निवांत मशीनही राबताना दिसेल. लिनक्सचा लोड ॲव्हरेज डिस्कसाठी खोळंबलेली कामंही मोजतो, म्हणून तो वाढला की लगेच सीपीयूला दोष देऊ नका.

कंटेनरमध्ये असाल तर ‘सीपीयू डॉट स्टॅट’मधला थ्रॉटलचा, म्हणजे वाटा संपल्याने काम अडवलं गेल्याचा, आकडा लॉगमध्ये टाकाच. टक्के कमी आणि हा आकडा चढता दिसला, तर डेटाबेसच्या मागे लागण्याआधी थ्रेड आणि वाटा यांचा मेळ बसतोय का ते तपासा.