देवळाचा उंबरठा आणि आपला हक्क

प्रश्न : माझा मुलगा मतिमंद असून चाकाच्या खुर्चीवर असतो. त्याला पवित्र कम्युनियन मिळेल काय? – एक माता, कोरपना

उत्तर : भगिनी, अवश्य मिळावे. बाप्तिस्मा व दृढीकरण लाभलेल्या बौद्धिक दिव्यांगांना शक्य तेव्हा हा संस्कार द्यावा, कारण ते कुटुंबाच्या व श्रद्धावंत समाजाच्या विश्वासातून तो ग्रहण करतात, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये निःसंदिग्धपणे प्रतिपादिले आहे. म्हणून दोन्ही संस्कारांच्या नोंदीचा दाखला घेऊन धर्मगुरूंना भेटावे. देवळाच्या पायऱ्यांशेजारी एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार बांधण्याविषयी धर्मग्राम-समितीकडे रीतसर अर्ज करावा, आणि मिस्सेत अर्पणाची भाकर वेदीपर्यंत नेण्याचे काम त्याच्यासाठी मागून घ्यावे. कारण त्याला दयेची नव्हे, जबाबदारीची जागा हवी आहे.