अॅम्प्लिफायर नवा घ्यावा की जुनाच चालवावा?

या पानावर आम्ही सहसा सूत, कापड, उधारी आणि वसुली यांबद्दल लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण मुद्दा धंद्याचाच आहे. आमचा भाचा भिवंडीत लग्नकार्य, जलसे आणि शाळांचे कार्यक्रम यांना साऊंड भाड्याने देतो. लग्नाचा हंगाम तोंडावर असताना तो दुकानात आला आणि एक कोटेशन आमच्यापुढे ठेवून म्हणाला, "मामू, जुने मॉडेल आता चालत नाही. कंपनीने नवे काढलेय. जुना अॅम्प्लिफायर अकरा हजारांत परत घेतात, वरचे त्रेपन्न हजार द्यायचे."

त्रेपन्न हजार कुठून आणणार, असे विचारले तेव्हा तो खाली पाहू लागला. आईच्या बांगड्या मोडायचे ठरले होते आणि आमच्या बहिणीने हो म्हणूनही टाकले होते. तेव्हा हा प्रश्न नुसता यंत्राचा राहिला नाही. आम्ही त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत लॅमिंग्टन रोडवरच्या दोन जुन्या कारागिरांकडे बसलो, भाच्याचे सगळे सामान गोदामाच्या आवारात मांडून पाहिले, आणि जे समजले ते साऊंड, मंडप आणि लाईटचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांसाठी इथे देत आहोत.

भाच्याचा जुना अॅम्प्लिफायर चार ओहमवर दर चॅनेलला ५०० वॅटचा, नवा १००० वॅटचा. ताकद दुप्पट, म्हणजे आवाज दुप्पट, असा त्याचा हिशोब होता. विकणाऱ्यानेही त्याला तसेच सांगितले होते. हा हिशोब चुकीचा आहे.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. सायन्सच्या पुस्तकात आवाजाच्या 'शिद्दत'वर एक लहानसा धडा होता, तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. चाळीस वर्षांनी तोच धडा पुन्हा शिकावा लागला. आवाज मोजायचे माप डेसिबल. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एवढा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतो, जेवणाच्या पंगतीत बसलेल्याला बहुधा कळत नाही. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे ५०० चे ५०००. दुसऱ्या अंगाने पाहा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. त्यामुळे दुप्पट वॅटने जो आवाज १०० फुटांवर मिळत होता तो फार तर १४० फुटांवर मिळेल. चाळीस फुटांसाठी त्रेपन्न हजार!

यावर भाच्याने एक रास्त सवाल केला. गाण्यात ढोलकीचा ठोका अचानक उसळतो, तेव्हा ताकद कमी पडली तर आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतो, त्याचे काय? हे खरे आहे. सरासरी आवाजाला ५० वॅट पुरत असले तरी ठोक्याच्या क्षणी त्याच्या दहापट लागू शकतात, म्हणून हाताशी जास्तीची ताकद हवीच. पण ती कमी पडते की नाही हे ओळखायला कोणाला विचारावे लागत नाही. अॅम्प्लिफायरच्या तोंडावर क्लिपचा लाल दिवा असतो. कार्यक्रम भरात असताना तो वारंवार लागत असेल तर ताकद कमी पडते आहे. लागतच नसेल तर जे वॅट आज आहेत तेच पडून आहेत, आणखी घेऊन करणार काय? भाच्याला विचारले तर त्याने त्या दिव्याकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. पुढच्या दोन कार्यक्रमांत पाहिले. पहिल्यात एकदाही लागला नाही, दुसऱ्यात मोजून तीन वेळा.

मग लोक तक्रार का करत होते की मागे आवाज येत नाही?

कापडाच्या धंद्यातला आमचा तजुर्बा इथे कामी आला. भिवंडीत अनेकांनी साधे लूम विकून रॅपिअर बसवले. रॅपिअर भरधाव चालतो हे खरे, पण सूत हलके आणि सायझिंग कच्चे असेल तर ताणा तुटतच राहतो आणि महागडा लूम निम्मा वेळ उभा राहतो. लूम बदलण्याआधी बीम पाहावा, हे ज्यांना उशिरा कळले त्यांनी त्याची किंमत मोजली. म्हणून अॅम्प्लिफायर बाजूला ठेवून आम्ही त्याच्या मागे-पुढे काय जोडले आहे ते पाहायला लागलो, आणि चोर सापडला तो वायरमध्ये.

भाच्याकडे स्पीकरला जाणारी वायर अर्धा चौरस मिलीमीटरची होती, घरातल्या पंख्याला लावतात तसली. लांबी ३० मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून तांब्याची लांबी धरायची ६० मीटर. एवढ्या बारीक तारेचा रोध सुमारे २ ओहम भरतो. त्याच्या पुढे ८ ओहमच्या दोन पेट्या एकत्र जोडलेल्या, म्हणजे ४ ओहम. आता हिशोब पाहा. पेट्या अॅम्प्लिफायरला थेट जोडल्या असत्या तर जेवढी ताकद मिळाली असती तिच्यापैकी केवळ ४४ टक्के त्यांना मिळत होती. वायर मात्र हाताला गरम लागत होती. तीच वायर अडीच चौरस मिलीमीटरची केली की रोध ०.४ ओहमच्या आसपास येतो आणि पेट्यांना ८२ टक्के ताकद पोहोचते. ४४ वरून ८२, म्हणजे जवळजवळ दुप्पट. जी दुप्पट भाचा त्रेपन्न हजारांना आणायला निघाला होता, ती वायरीतच अडकून पडली होती.

(ज्यांना शंभर-दोनशे मीटर दूर भोंगे लावावे लागतात त्यांनी जाड वायरच्या मागे न लागता १०० व्होल्ट लाईनची पद्धत धरावी. प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर बसतो, वायरीतून करंट कमी जातो आणि नुकसानही कमी होते. ते बोलण्याच्या कामाला उत्तम, गाण्याला तेवढे नाही.)

स्पीकरचेही तसेच. पेटीच्या कागदावर एक आकडा असतो, १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो त्याचा. एका पेटीचा आकडा ९६ आणि दुसरीचा ९९ असेल तर दुसरी पेटी घेणे म्हणजे अॅम्प्लिफायर दुप्पट करणेच होय. ग्राहक वॅट विचारतो, दुकानदार वॅट सांगतो, हा आकडा कोणी विचारत नाही.

"पण नव्याचा आवाज गोड असतो," हे वाक्य आम्ही त्या आठ दिवसांत किमान पाच जणांकडून ऐकले. याबाबत एक जुना दाखला सांगण्यासारखा आहे. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे तीन पिढ्यांचे अॅम्प्लिफायर होते: १९५३ चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, १५ वॅटचा, १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ३०३, ४५ वॅटचा, आणि १९७५ चा ४०५, १०० वॅटचा. १९७८ साली कंपनीने स्वतःच जाणकारांना बसवून, कोणता वाजतो आहे ते न सांगता, तिन्ही ऐकवले. ऐकणाऱ्यांना खात्रीने फरक सांगता आला नाही. निकाल 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापून आला. ज्या कंपनीला नवा माल खपवायचा आहे तिनेच हे जाहीर करावे, याचे आम्हाला नवल वाटले आणि कौतुकही. तात्पर्य एवढेच की यंत्र निरोगी असेल आणि ताकदीच्या आत चालवले जात असेल, तर नवे-जुने कानाला ओळखणे कठीण आहे.

निरोगी हा शब्द मात्र महत्त्वाचा. भाच्याच्या अॅम्प्लिफायरचे झाकण उघडले तर पंख्यावर आणि हीटसिंकवर कापसाची उडती धूळ नमद्यासारखी जमलेली. भिवंडीची हवा! हवा कोंडली की आतली उष्णता वाढते, आणि उष्णतेने कपॅसिटर सुकतात. दर १० अंश उष्णता कमी झाली तर कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा कारागिरांचा हिशोब आहे. सुकलेल्या कपॅसिटरमुळे 'हूं' असा घरघराट येतो आणि ठोक्याला दम राहत नाही. कारागिराने मोठे कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचे कंट्रोल साफ केले, धूळ काढली. ट्रान्झिस्टर ठीक होते म्हणून हात लावला नाही. वाचकांनी एक लक्षात ठेवावे: ५२००-१९४३ च्या जोडीचे नकली ट्रान्झिस्टर बाजारात भरपूर आहेत. निम्म्या भावात मिळाले तर समजून जावे.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आम्ही नव्याच्या विरोधात आहोत. तसे नाही. नवे मॉडेल डी वर्गाचे आहे. (डी म्हणजे डिजिटल नव्हे, ए, बी, सी नंतरचे अक्षर, एवढेच.) जुन्या एबी वर्गाच्या यंत्रात मध्यम आवाजाला घेतलेल्या विजेचा पाव हिस्सा आवाजात जातो, बाकीची उष्णता होते. डी वर्गात वाया जाणे फारच कमी. ज्याचे बरेच कार्यक्रम जनरेटरवर होतात त्याला लहान जनरेटर पुरतो आणि डिझेलही वाचते. दुसरे, व्होल्टेज. लग्नाच्या रात्री गावात २३० चे १८० व्होल्ट झाले की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरची कमाल ताकद साठ टक्क्यांवर येते. चांगल्या नव्या यंत्राचा पॉवर सप्लाय हे सांभाळून घेतो. सगळ्यांचा नाही, हलका माल कमी व्होल्टेजला सरळ बंद पडतो, म्हणून मागच्या पट्टीवर किती ते किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचूनच घ्यावे. आणि नव्याची एक मोठी अडचणही आहे. बोर्डावरचे पार्ट तांदळाच्या कणीएवढे असतात, गल्लीतला कारागीर हात लावत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो. ऐन हंगामात तो पंधरा दिवस आला नाही तर? सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि बोर्ड तयार मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

कायद्याचाही विचार करायला हवा. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लाऊडस्पीकर लावलेल्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता येत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर बंदी, सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून. सामान जप्त होते ते साऊंडवाल्याचे, लग्नघरच्याचे नव्हे.

शेवटी आम्ही वही काढली. भाच्याचे वर्षाला चाळीसेक कार्यक्रम. नव्या अॅम्प्लिफायरमुळे भाडे वाढवून मिळेल का? त्याने तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारले, तिघेही नाही म्हणाले. डिझेल, हमाली मिळून एका कार्यक्रमामागे ३०० रुपये वाचतील असे धरले. वर्षाचे १२,०००. त्रेपन्न हजार वसूल व्हायला साडेचार वर्षांच्या आसपास, आणि वॉरंटी दोन वर्षांची. त्याची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला कर वजा होऊन मिळण्याचा प्रश्नच नाही. कंपोझिशनवाल्यांनाही तो मिळत नाही, हे आमचे अनेक बंधू विसरतात.

तेव्हा ठरले ते असे. ६० मीटर जाड वायर ५,७०० रुपये, मजबूत प्लग १,३००, दुरुस्ती २,८००. एकूण ९,८००. ते आम्ही उसने दिले. गोदामाच्या आवारात १०० फुटांवर एकाच जागी एकच मोबाईल ठेवून आधी आणि नंतर मोजले. मोबाईलचा आकडा काटेकोर नसतो, पण फरक कळायला पुरतो. फरक तीन डेसिबलच्या जवळ आला.

एका बाबतीत मात्र आमचा अंदाज चुकला, तोही सांगितला पाहिजे. जुना अॅम्प्लिफायर २४ किलोचा. हंगामात तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तो चढवताना भाच्याच्या मदतनिसाची कंबर धरली आणि पोरगा नऊ दिवस घरी बसला. त्या नऊ दिवसांची मजुरी आमच्या वहीत कुठेच नव्हती. गाठी उचलायला हमाल असतात, म्हणून वजनाचा विचार आमच्या डोक्यात आलाच नाही. हंगाम संपल्यावर भाच्याने आमचे पैसे फेडले आणि स्वतःच्या कमाईतून डी वर्गाचा एक लहान अॅम्प्लिफायर घेतला, ५०० वॅटचाच, सात किलोचा. वरच्या मजल्याच्या आणि जनरेटरच्या कामांना तो जातो. जुना तळमजल्याच्या कामांना आहे आणि दर दोन महिन्यांनी त्याचे झाकण उघडून कापूस झाडला जातो. बांगड्या बहिणीच्या हातात आहेत.