लोणारचे सरोवर

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात लोणार हे गाव आहे. गावाबाहेर थोडे चालत गेले की एकाएकी जमीन संपते आणि पुढे एक प्रचंड खळगा दिसू लागतो. एखादी विशाल वाटी भूमीत रोवून ठेवावी तसा त्याचा आकार आहे. काठाशी त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या उतारावर झाडी आहे आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खाली सरोवराचे हिरवट पाणी पसरलेले आहे.

या सरोवराचे एक नवल आहे. काठाजवळ गोमुखातून पाण्याची धार बारा महिने वाहते. ते पाणी गोडे आहे. परंतु तेच पाणी उतारावरून खाली सरोवराला मिळाले की खारट होते. याचे कारण सोपे आहे. सरोवरात पाणी येण्याच्या वाटा आहेत. बाहेर जाण्याची वाट नाही. झऱ्यांचे व पावसाचे पाणी खडकांतील क्षार आपल्याबरोबर घेऊन येते. सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. असे हजारो वर्षे चालले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथातही लोणारचा उल्लेख आहे. काच व साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे त्याने नमूद केले आहे.

हा खळगा कसा निर्माण झाला, हा प्रश्न माणसांना फार पूर्वीपासून पडत आला आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली लपून राहत असे. भगवान विष्णूने त्याच्या विवरावरील झाकण पायाने दूर सारून त्याचा वध केला, अशी आख्यायिका आहे. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर त्याच विष्णूचे होय.

इ. स. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे कित्येक वर्षे विद्वानांना हे ज्वालामुखीचे मुख वाटत होते. तसे वाटणे स्वाभाविकच होते. कारण येथील काळा बेसाल्ट खडक लाव्हारसापासूनच बनलेला आहे. परंतु तो लाव्हा सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि खळगा त्याहून पुष्कळच अलीकडचा आहे. मग तो झाला कसा?

याचे उत्तर खडकांनीच दिले. शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात छिद्रे पाडून नमुने काढले. गाळाच्या जाड थराखाली त्यांना फुटून चुरा झालेला बेसाल्ट आढळला. त्यातील काही खनिजकणांची काच झालेली होती. अशी काच ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. तिला विलक्षण आघात लागतो. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी हा पुरावा जगापुढे मांडला. आकाशातून प्रचंड वेगाने आलेली अशनी येथे आदळली आणि क्षणार्धात हे विवर निर्माण झाले, हे त्यावरून सिद्ध झाले. ही घटना सुमारे ५२,००० वर्षांपूर्वीची असावी, असे एका मापनावरून मानले जाई. २०११ मधील दुसऱ्या मापनाने तो काळ सुमारे ५,७०,००० वर्षे ठरविला.

चंद्रावरील पुष्कळ विवरेही बेसाल्टातच आहेत. पृथ्वीवर मात्र अशी विवरे फार थोडी आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार मोलाचे वाटते.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना दिसून आले. त्याच वर्षी रामसर करारानुसार या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला.

ज्या गुणामुळे सरोवराने क्षार साठविले, तोच गुण त्याला धोक्याचाही आहे. येथे आलेली वस्तू वाहून जात नाही. गावाचे सांडपाणी, शेतातील खते, यात्रेकरूंनी टाकलेला कचरा, यांपैकी जे जे खाली उतरते ते तेथेच राहते. नदी आपली घाण काही अंशी पुढे वाहून नेते. लोणारच्या सरोवराला ते शक्य नाही. म्हणून त्याची निगा काठावरच राखावी लागते.

शब्दार्थ
आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा. विवर – खोल खळगा. अशनी – आकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड किंवा धातूचा गोळा. क्षार – खारट पदार्थ.

स्वाध्याय
१. धारेचे पाणी गोडे आणि सरोवराचे पाणी खारट का?
२. हे विवर ज्वालामुखीचे नाही, हे शास्त्रज्ञांनी कशावरून ओळखले?
३. 'म्हणून त्याची निगा काठावरच राखावी लागते.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.