आधी माग थांबव

पोरा, वहिनी सांगत होती, अंजूरफाट्याच्या गोदामात लागल्यापासून तू घरी येतोस तो तणतणतच. कधी सुपरवायझरवर, कधी ट्रॅफिकवर, नाहीतर धाकटीवर. तुझ्या आजोबांनी, आपल्या अण्णांनी, मला मागावर उभं करून जे शिकवलं ते आता तुला सांगतो.

साध्या यंत्रमागावर बाण्याचं सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. ताण्याची तार तुटली तर मात्र थांबत नाही. धोटा इकडून तिकडे धावत राहतो, कापड पुढे सरकतं आणि तुटल्या तारेची बारीक रेघ त्यात लांबच लांब उमटत जाते. नवखा पोरगा घाबरतो, चालत्या मागात बोटं घालतो. अण्णा आधी दांडा ओढून माग बंद करायचे. मग तुटलेलं टोक हुडकायचं, धागा जोडून बारीक गाठ मारायची, वहीच्या डोळ्यातून ओवायचा, फणीच्या नेमक्या घरातून काढायचा, ताण बोटाने चाचपायचा, गाठीचं शेपूट तोडायचं. त्यानंतरच माग चालू. मजुरी मीटरवर, म्हणजे माग थांबला तेवढा वेळ कमाई बंद. तरी ते थांबवायचे, कारण डागी माल निघाला की सगळंच अंगावर यायचं.

तुझ्या बाबतीत दांडा ओढणं म्हणजे फोन खाली ठेवणं. रागाच्या भरात लिहिलेला मेसेज लगेच पाठवू नकोस. जेवून घे, पुन्हा वाच. सुपरवायझरशी बोलायचंच असेल तर सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी, दोघंच असताना बोल. चारचौघांत कुणीच माघार घेत नाही.

हे झालं आपण माग थांबवण्याचं. कधी माग आपल्या हाती नसताना थांबतो, त्याचंही ऐक. 2007 साली आपल्या भिवंडी शहराचं वीजवितरण टोरंट कंपनीकडे गेलं. त्याआधी भारनियमनात कारखाने तासन्‌तास गप्प पडायचे. बाकीचे ओट्यावर बसून शिव्या द्यायचे. अण्णा तेवढ्यात मागाला तेल द्यायचे, फणीतला कचरा झटकायचे, धोट्याची टोकं तपासायचे. वंजारपट्टी नाक्यावर किंवा मानकोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलास तर असाच वेळ वापर. गाडी बंद कर, पाणी पी, राहिलेला फोन कर. घरून थोडा आधी नीघ. आणि उलट्या बाजूने घुसू नकोस. तुझ्या बाईकमागे रिक्षा येते, रिक्षामागे टेम्पो, मग समोरून कंटेनर आला की सगळेच अडकतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या गावाने 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिल्यात. दोन्ही वेळा मे महिना होता. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान, त्या भागातल्या पोलिसासोबत नेमाने एकत्र बसू लागली. बोलणं बहुतेक किरकोळ कुरबुरींचंच असायचं. पण त्या निमित्ताने तोंडओळख झाली, नाव घेऊन हाक मारण्याइतकी सलगी आली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा तेव्हाही फिरत होत्या, पण खरं काय ते जाऊन विचारायला माणसं होती.

ऐन वेळी मन आवरायचं म्हटलं तर कुणालाच जमत नाही. ती चार वर्षं लोक एकमेकांसमोर बसले होते, म्हणून त्या दिवसांत त्यांना थांबता आलं. आणि हे मी फक्त दंगलीपुरतं म्हणत नाही. ज्याच्याशी तू कधी चहा प्यायला नाहीस, त्याच्या एका शब्दाने डोकं फिरतं. ओळखीचा माणूस तेच बोलला तर आपण विचारतो, ‘काय रे, आज काय झालं?’

तेव्हा गोदामात शेजारच्या लाईनवर जो आहे, त्याचं नाव-गाव विचार. वरच्या मजल्यावरच्या भाईंशी पाण्याच्या मोटरवरून तुझी कुरकुर चालते ना? येत्या रविवारी, भांडणाचं काहीही निमित्त नसताना, त्यांच्या घरी जाऊन ये. रात्री ग्रुपवर गावातली काही भडक बातमी आली तर पुढे ढकलू नकोस. त्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला आधी फोन कर. तसा माणूस प्रत्येक गल्लीत तुझ्या ओळखीचा हवा. नसेल तर मला सांग, माझे जुने सोबती अजून आहेत, मी गाठ घालून देतो.