यादीवरून फेरी घालतांना होणाऱ्या चुका

पायथन ही संगणकाची भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यांत यादीवरून फेरी घालणें इतकें सोपें आहे कीं, विद्यार्थी पहिल्याच दिवशीं तें शिकतो व पहिल्याच दिवशीं चुकतो.

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या पालखीच्या वाटेवरील सहा गांवांची यादी आम्ही वर्गांत केली: बारामती, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगांव केतकी, इंदापूर. शेवटचें गांव मागतांना बहुतेकांनीं सहा हा क्रमांक दिला, तों यंत्रानें ‘इंडेक्सएरर’ दाखविली. पायथनची मोजणी शून्यापासून. म्हणून बारामती शून्य आणि इंदापूर पांच. ही चूक आम्हांस भयंकर वाटत नाहीं, कारण ती स्वतःच ओरडून सांगते.

भय आहे तें मुक्या चुकीचें. ही शाळेच्या गाडीची यादी आहे असें समजा. एका हुशार मुलानें ‘फॉर’च्या फेरींत प्रत्येक गांव छापून लगेच ‘रिमूव्ह’नें यादींतून काढून टाकण्याची आज्ञा लिहिली. यंत्रानें बारामती, लासुर्णे व निमगांव केतकी एवढींच गांवें छापलीं आणि कांहीं तक्रार न करितां तें थांबलें. उरलेल्या तीन गांवांचीं मुलें रस्त्यावर ताटकळलींच असतीं!

असें कां व्हावें? फेरी नांव लक्षांत ठेवीत नाहीं, स्थान लक्षांत ठेविते. बारामती काढतांच सणसर शून्य स्थानीं सरकलें. फेरी मात्र एक क्रमांकाकडे गेली, आणि तेथें लासुर्णे उभें होतें. रांगेंतील एक मुलगा बाहेर काढिला कीं मागचे पुढें सरकतात, तसेंच हें. विद्यार्थ्यांनीं पेन्सिल घेऊन प्रत्येक फेरीचा क्रमांक व यादी कागदावर मांडून पाहावी; आमच्या व्याख्यानापेक्षां त्यानें अधिक उमजेल.

उपाय असा कीं, फेरी प्रतीवरून घालावी व खोडणें मूळ यादींत करावें. किंवा, आम्हांस अधिक पसंत तें, कांहींच न खोडतां हवीं तीं नांवें नव्या यादींत जोडावीं.

त्या मुलानें प्रत काढण्यासाठीं केवळ बरोबरीचें चिन्ह वापरलें, आणि पुन्हां तीनच गांवें आलीं. त्या चिन्हानें प्रत होत नाहीं. एकाच यादीस दुसरें नांव मिळतें, इतकेंच. मग त्यानें ‘कॉपी’ ही आज्ञा दिली, तेव्हां सहाही गांवें क्रमानें पडद्यावर उमटलीं.