विमानाचा विटका निळा रंग

मुलांनो, सुटे भाग जोडून केलेली विमानाची प्रतिकृती तुम्ही पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन नौदलाच्या ‘कॉर्सेअर’ या लढाऊ विमानाची प्रतिकृती हौशी कारागिरांना फार प्रिय आहे. १९४३ मध्ये या विमानास वरून गडद निळा, बाजूंस मध्यम निळा व खालून पांढरा रंग देऊ लागले. हेतू हा की, समुद्रावर ते शत्रूस सहज दिसू नये.

प्रतिकृतीवर असा रंग कोरा ठेवला, तर ती खेळण्यासारखी दिसते. म्हणून कारागीर तो मुद्दाम विटवितो. परंतु मन मानेल तेथे डाग पाडून चालत नाही; प्रत्येक डागास कारण हवे. सॉलोमन बेटांवरील प्रखर ऊन पंखांच्या वरच्या बाजूस लागे. म्हणून निळ्यात थोडा करडा मिसळून तेथे पातळ हात द्यावा. यंत्रकार पंखाच्या मुळाशी पाय देऊन चढत. तेथे रंग झिजून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उघडा पडे. तो दाखविण्यास स्पंजाच्या तुकड्याने बारीक रुपेरी ठिपके द्यावेत. चाकांवर प्रवाळाची पांढरट धूळ दाखवावी.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. या विमानाच्या बाहेरील पंखांचा मागचा भाग कापडाने मढविलेला होता. कापडावरील रंग झिजला, तर खाली धातू कोठून चमकणार? तेथे रुपेरी ठिपके दिले, तर सारी मेहनत खोटी ठरते. म्हणून कुंचला उचलण्यापूर्वी मूळ वस्तू नीट जाणून घ्यावी.

स्वाध्याय : तुमच्या सायकलीचा रंग कोठे व का उडाला आहे, ते पाहून पाच वाक्ये लिहा.