आवारातील ऊर्जा : भिलाईचा हिशोब

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जिमिनी पीक हे बर्फावरील घसरखेळाचे पर्यटनस्थळ आहे. २००७ मध्ये तेथे स्वतःच्याच डोंगरावर दीड मेगावॅट क्षमतेची पवनचक्की उभारण्यात आली. कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रे आणि पर्यटकांना शिखराकडे नेणारे पाळणे यांना वीज लागते ती हिवाळ्यात. वाराही हिवाळ्यातच अधिक वाहतो. गरज आणि पुरवठा यांचा हंगाम जुळणे, हे त्या गुंतवणुकीचे खरे बळ होय.

भिलाईत बर्फ नाही आणि मोठ्या पवनचक्कीस पुरेसा वाराही नाही. निकष मात्र तोच लागू पडतो. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. झोतभट्टी रात्री थांबत नाही. सूर्य मात्र मावळतो. म्हणून २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘महामाया’ भट्टीतून दाबाने बाहेर पडणाऱ्या वायूवर टर्बाइन फिरवून वीज मिळवण्याची योजना करण्यात आली. काटेकोरपणे पाहता ही अक्षय ऊर्जा नव्हे, कारण तो वायू कोकपासूनच निर्माण होतो. तथापि वाया जाणारा दाब कामी येतो, हा लाभ लहान नाही.

२०२४ मध्ये मरोदा जलाशयावर १५ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प जाहीर झाला. पाण्यामुळे पटले तुलनेने थंड राहतात, बाष्पीभवन घटते आणि जमीन अडत नाही. प्रतिकिलोवॅट दररोज सुमारे ४ युनिट धरल्यास ६०,००० युनिट होतात. कारखान्याच्या भुकेपुढे हा घास लहानच म्हणावा लागेल.

याउलट दिवसपाळीत चालणाऱ्या लहान कर्मशाळेला सौरवीज अधिक मानवते. लेथ फिरतो तेव्हाच छतावर वीज तयार होते. घराचे तसे नसते. पंखे व कूलर रात्रीही चालतात. तेथे नेट मीटर दिवसा दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करतो. छतावर जागा आहे म्हणून अधिक क्षमतेसाठी कर्ज मागणे, ही अर्जदारांची नेहमीची चूक. क्षमता मागील बारा महिन्यांच्या बिलांवरून ठरवावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकास ३ किलोवॅट व त्यापुढील संचासाठी केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान ठरले. ही रक्कम संच कार्यान्वित झाल्यानंतर खात्यात जमा होते. तोवरचा संपूर्ण खर्च कर्ज आणि स्वतःची बचत यांतूनच भागवावा लागतो.